गाठीमागे एक प्रार्थना

—नाही, त्या खुर्चीत नको गं, तिच्यावर सामान आहे. तू इकडे ये, खिडकीपाशी. ती चादर तशीच असू दे, तिच्याखाली बघण्यासारखं काही नाही. बस. कॉफी घे, केलेलीच आहे, सकाळपासून नुसती कॉफीच करतेय मी. केसांचं काय झालंय बघ तुझ्या. या कॅन्ससमध्ये माणूस एक वेळ थांबेल, वारा काही थांबत नाही. हं — तर तू केल्सी. ट्रेंटची बायको. आणि तुला मार्सियाबाईंनी पाठवलं. थांब, सांगू नकोस, आमच्या पाळकबाई काय म्हणाल्या ते मीच सांगते — "ग्लेंडाकडे जा, केल्सी. देवाची वाट कशी बघायची ते ग्लेंडाकडून शिक." मान अशी एका बाजूला करून. हो ना? हसलीस म्हणजे बरोबर आहे.

आणि हे मांडीवरचं गाठोडं म्हणजे गोधडी. दाखव की. अगं दाखव, लाजतेस काय — छान आहे. हा निळा तुकडा ट्रेंटच्या शर्टाचा ना? आणि गाठ अजून एकही नाही. म्हणजे पहिली गाठ मी मारायची, माझ्या हाताचा गुण लागावा म्हणून, आणि मग बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या बायका टेबलाभोवती बसून बाकीच्या मारणार. सुई वरून खाली, खालून वर, दोरा ओढायचा, गाठ घट्ट करायची, आणि गाठ बसेपर्यंत प्रार्थना करायची. गाठीमागे एक प्रार्थना. आमच्याकडे कोणी आजारी पडलं, कोणाचा मुलगा लष्करात गेला, कोणाचा नवरा गेला — की घ्या, मारा गाठी. मारते मी, मारते. आधी कॉफी तर पी.

वाजू दे तो फोन. मी उचलत नाहीये.

ट्रेंट वसंतात गेला ना, तेलाच्या विहिरींवर? आधी रोज फोन, मग रविवारचा फोन, मग — हो. ठाऊक आहे. माझा डॅरल गेला तो न्याहारी करून गेला. अंडी खाल्ली, आणि स्वतःची बशी स्वतः धुतली. जन्मात कधी बशीला हात न लावलेला माणूस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हात पुसले आणि म्हणाला, ग्लेंडा, माझा इथे जीव गुदमरतो. पुढे कोर्टाचे कागद आले. मी सही केली. रडले, पण केली. तुला म्हणून सांगते, त्या आठवड्यात मी ही खोली रंगवायला काढली होती. पिवळी करणार होते, पिवळा रंग मला आवडतो आणि डॅरलला अजिबात चालायचा नाही. म्हणजे बघ, माझं मन उठलं होतं जागेवरून. चालायला लागलं होतं. आणि मग मार्सियाबाई आल्या, कोंबडी-नूडल्सचं भांडं घेऊन, तिथे बसल्या, तू बसलीयस तिथेच — आणि म्हणाल्या, कागद माणसांचे असतात ग्लेंडा, जोडलेलं देवाने असतं. तो आणील त्याला परत. त्याच्या वेळेला आणील. तू फक्त जागची हलू नकोस. रंगाचा डबा अजून गॅरेजमध्ये आहे. वाळून दगड झाला असेल.

तर मी हलले नाही. अंगठी काढली नाही, ही बघ. रविवारच्या जेवणाला त्याची बशी मांडत राहिले. एवढंच काय, सासूबाईंना — व्हर्डा, डॅरलची आई, तू बघितलं असशील, चर्चमध्ये पुढच्या बाकावर असतात — त्यांना डॉक्टरकडे मी न्यायचे, त्यांची औषधं मी आणायचे, कारण माझ्या लेखी मी सूनच होते. दरवर्षी उपकारस्मरणाच्या रविवारी मला उभं करायचे साक्ष द्यायला. "आमची ग्लेंडा अजून वाट बघतेय." आजूबाजूच्या गावांतल्या बायका यायच्या ऐकायला, डोळे पुसायच्या, जाताना माझा हात धरायच्या. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं मला. नवऱ्याने टाकलेली बाई कुठे, आणि हे कुठे. वेंडलचं तर — नको, वेंडलचं राहू दे.

राहू दे म्हटलं तरी तोंडात आलंच. वेंडल म्हणजे धान्याच्या कोठारावर होता तो, उंच, थोडा पाय ओढत चालायचा. गारपिटीत माझं छप्पर गेलं तेव्हा आपणहून आला, दुरुस्त केलं, आणि शिडीवरून उतरून, टोपी हातात घेऊन विचारलं. मी म्हटलं, मी बांधलेली आहे वेंडल. तो म्हणाला, कोणाशी? मी म्हटलं, देवाच्या शब्दाशी. बिचाऱ्याने टोपी परत डोक्यावर घातली. शिडी गाडीवर चढवली आणि गेला. आता ओक्लाहोमात असतो, लग्न झालं त्याचं. मला तो आवडत होता, केल्सी. हे मी मोठ्याने आज पहिल्यांदा बोलतेय.

कशाला सांगतेय तुला हे — हां, गोधडी. तर मधे एका हिवाळ्यात बुधवारी मी हॉलमध्ये गेले, टेबलावर लहानशी गोधडी ताणलेली, बाळाची. मी विचारलं, कोणाकडे बाळ झालं गं? मार्सियाबाई म्हणाल्या, व्हर्डाच्या नात्यात आहे, लांब, कोलोरॅडोत. सासूबाई तिथेच बसलेल्या, दोरा ओवत होत्या, मान खाली. मला बाळांचं फार आहे, मला झालं नाही ना. मी घरी आले, स्वयंपाकघराचा पडदा काढला — पिवळा, बारीक पांढऱ्या फुलांचा, खोलीला रंग नाही तर निदान पडदा तरी, म्हणून लावलेला — आणि त्याचा चौकोन कापून नेला आणि मधोमध लावला. आणि गाठी मारल्या. लाल दोऱ्याने. मी डावरी आहे, माझ्या गाठीची टोकं उलटी पडतात, शंभर गाठींत ओळखू येईल. मारताना त्या बायका म्हणाल्या, ग्लेंडा, तू मोठ्याने कर प्रार्थना, तुझी पोचते. आणि मी केली. काय केली ते सांगते नंतर. केल्यावर कोणी आमेनच म्हणेना. कोणीतरी खोकलं. मग मार्सियाबाईंनी घाईघाईने आमेन म्हटलं आणि केक कापायला उठल्या. मला वाटलं, गहिवरल्या असतील बायका.

गेल्या गुरुवारी सासूबाई घसरल्या अंगणात. हाड मोडलं नाही, पण पडूनच आहेत. मी सूप घेऊन गेले, शनिवारी, नेहमीसारखी, दार न वाजवता. तर बाहेरच्या खोलीत कोचावर एक पोरगी झोपलेली. चार वर्षांची असेल नसेल. कपाळ सगळं डॅरलचं. मी तिथेच उभी, सूपाचं भांडं हातात, आणि बघते तर तिच्या अंगावर माझा पडदा.

नाही, पाणी नको. बस तू.

तो घरात नव्हता. पोरीची आई पण नव्हती, दोघं सासूबाईंसाठी काहीतरी आणायला गेली होती. आतून सासूबाई हाका मारत होत्या — कोण आहे, ग्लेंडा आहेस का, थांब, आत ये आधी, आधी आत ये. मी गेले नाही आत. दरवर्षी नाताळला बहिणीकडे म्हणून कोलोरॅडोला जायच्या आमच्या सासूबाई, आणि त्यांना बसस्टँडवर सोडायला मीच जायचे. खाऊचा डबा करून द्यायचे बरोबर.

दुसऱ्या दिवशी, चर्च झाल्यावर, मी अर्थातच गेले नव्हते, मार्सियाबाई आल्या. परत भांडं. म्हणाल्या, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. बाळ व्हायच्या आधीपासून. मी विचारलं, सगळ्यांना म्हणजे? म्हणाल्या, बुधवारच्या सगळ्यांना. पण तुझी श्रद्धा मोडायचा हक्क आम्हाला नव्हता, ग्लेंडा. तुझ्याकडे बघून किती घरं टिकली. आणि देवाला काय अशक्य आहे. — मी म्हटलं, मार्सिया, — आयुष्यात पहिल्यांदा नुसतं नाव घेतलं — मार्सिया, त्याला मुलगी आहे. तू मला कशाची वाट बघायला लावत होतीस? ती मेली की? तिची आई मेली की? तर रडायला लागल्या. आणि मी उठून त्यांनाच रुमाल दिला, बघ. सवय.

मला फसवलं गं. दुसरा शब्द नाही याला. डॅरलने नाही, तो तोंडावर सांगून गेला. या बायकांनी फसवलं, ज्यांच्या हातचं मी खाल्लं, ज्यांच्या आयांना मी शेवटचं न्हाऊ घातलं. त्यांना नवरा परत आलेली ग्लेंडा नको होतीच. त्यांना वाट बघणारी हवी होती, चर्चमधल्या रंगीत काचेसारखी, उजेड आला की बघायला बरी. आणि आता ती काच फुटली, तर चार दिवसांत तुला पाठवली. तू तरुण आहेस, पुष्कळ वर्षं पुरशील.

आणि देव? विचारायचंय तुला, विचारत नाहीस. मीही हेच म्हणत होते मनाला, की त्याने कुठे सांगितलं होतं थांब म्हणून, सांगितलं यांनी, त्याचं नाव घेऊन. त्याच्यावर कशाला चिडायचं. पण तोही होता ना त्या हॉलमध्ये? दोघी-तिघी जमल्या की तो मधे असतो म्हणतात. त्या दिवशी चांगल्या दहा-बारा होतो आम्ही. माझी ती प्रार्थना काय होती माहीत आहे? मी म्हटलं होतं — प्रभू, या बाळाचा बाप याला सोडून कधी न जावो. याच्या आईवर माझ्यासारखी वेळ न येवो. त्याला तू त्या घरात धरून ठेव. — एवढ्या वर्षांत, डॅरलला परत आण म्हणून, गुडघ्यांना घट्टे पडले माझ्या. ते त्याला ऐकू आलं नाही. हे एवढं एकच ऐकलं. आणि अगदी शब्दाला जागला. आता सांग मला, मी त्याच्याशी काय बोलू. चार दिवस झाले, जेवणाआधी हात जोडते आणि तसेच सोडते.

पुन्हा वाजला. मार्सियाबाई नाहीत गं, तुला वाटतंय तसं नाही. सासूबाई आहेत. मशीनवर निरोप आहेत त्यांचे, सगळे एकच. पोरगी झोपत नाही म्हणून. तिला ती लागते झोपायला. — काय लागते म्हणजे? ते खुर्चीवर आहे ना, चादरीखाली. बघ हवं तर, आता काय राहिलंय लपवायला. मी ओढून घेतली, केल्सी. झोपलेल्या पोरीच्या अंगावरून. ती जागी झाली, रडलीबिडली नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, ती माझी आहे. आणि मी, या वयाची बाई, चार वर्षांच्या पोरीला म्हटलं, नाही, ही माझी आहे. आणि सूप तिथेच ठेवून गाडीत बसले.

माझ्या गाठी कापून काढणार होते. पडदा माझा, दोरा माझा, प्रार्थना माझी. काल दुपारी कात्री घेऊन बसले या खिडकीत. एक कापली. आणि हात लावून बघितला तर आतला कापूस लगेच मोकळा. चार गाठी काढल्या की पहिल्या धुण्यात त्याचे गोळे होणार, मग ती पांघरून उपयोग नाही, गारठा आत येतो. पोरीने काय केलंय कोणाचं. तर ती एक परत मारली मी. ही बघ, हिचा लाल नवा आहे, बाकीच्या विटल्यात. नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि मिटलं. काही मागितलं नाही.

तुझी? नाही, तुझ्या गोधडीला मी गाठ मारणार नाही. बुधवारच्या टेबलावरही नेऊ नकोस ती. घरी बसून तू मार, कापूस सरकू नये म्हणून मार, जानेवारीत उपयोगी पडेल. आणि ट्रेंटच्या भावाला फोन कर. आजच कर. सरळ विचार, तिथे कोणी आहे का म्हणून, आणि तो काय बोलतो ते उभं राहून ऐक. मग देवाशी काय बोलायचं ते बोल. मी आधी त्याच्याशी बोलत बसले आणि माणसांना विचारायचं राहिलं.

रडू नकोस. रडायचं असेल तर गाडीत रड, इथे माझा रुमाल संपलाय.

ही घे. नीट धर, जमिनीला लागतेय. पाण्याच्या टाकीच्या अलीकडे सासूबाईंचं पांढरं घर, हिरवं दार. ओट्यावर खुर्ची आहे तिच्यावर ठेव, बेल वाजव आणि निघ. कोणी बाहेर आलं आणि विचारलं तर — डॅरल आला तर — नको. काही सांगू नकोस. अंधार पडायच्या आत पोचव, पोरीची झोपायची वेळ होईल. कॉफी राहू दे तशीच. जा तू.