त्या ओळीला माझी रेंज जाते

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय धनाजीराव भालेराव, बदली होऊन निघालेले आपले पाळकसाहेब वसंतराव रणपिसे, त्यांच्या पत्नी आणि आम्हा बायकांच्या सरोजबाई, पुण्याहून मुद्दाम आलेले पाहुणे, मंडळीचे वडीलजन, भोर, नसरापूर, वरवे, मार्गासनी इथून मिळेल त्या एसटीनं नाहीतर टेम्पोनं आलेले बंधू-भगिनी, आणि मागं दारापाशी भाताच्या पातेल्याजवळ उभ्या असलेल्या बाया, तुम्हा सगळ्यांना ख्रिस्ताच्या नावानं सलाम.

एवढं आमच्या महिला मंडळाच्या अश्लेषाताईंनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. ते झालं. आता पुढचं माझं आहे, ते कसं निघेल ते माझं मलाच माहीत नाही.

मी चंद्राबाई. वरव्याची. चौथीपर्यंत शिकले, पाचवीत गेले नाही, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, मलापण नाही. सुकट-बोंबील विकते. माझ्या आधी जे बोलले त्यांनी पाळकसाहेबांचं कौतुक केलं. चर्चवर नवा पत्रा घातला, नळ आणला, मुलांचा रविवारच्या शब्बाथ शाळेचा वर्ग पुन्हा सुरू केला. सगळं खरं आहे. पण पत्रा वर बघितलं की दिसतो. सरोजबाईंनी जे केलं ते कुठं वर बघून दिसणार? म्हणून महिला मंडळानं मला उभं केलं. का, तर माझा आवाज मोठा. माईक बंद पडला तरी चालतं म्हणाल्या.

बाईंनी काय केलं? आमच्यातल्या निम्म्या बायांना धड वाचता येत नाही. देवाचं वचन रोज वाचा, त्यावर मनन करा, म्हणजे आत्म्याची वाढ होते, असं सगळेच पाळक सांगून गेले. आम्ही मान हलवली आणि घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. वाचता येत नाही त्या बाईनं काय करायचं, हे कुणी सांगितलं का? बाईंनी सांगितलं नाही, त्यांनी केलं. रोज सकाळी शास्त्रातला, बायबलमधला थोडासा भाग स्वतः वाचायचा, मोबाईलमध्ये भरायचा आणि आम्हाला पाठवायचा. शेवटी प्रभूची प्रार्थना, सावकाश, आपल्याला बरोबर म्हणता येईल अशी. मधेच कुकरची शिट्टी व्हायची. एकदा पाळकसाहेब मागून विचारत होते, माझा दुसरा मोजा कुठंय. पाळकसाहेब, तो मोजा साऱ्या तालुक्यात पोचलाय.

मग बाई म्हणाल्या, ऐकून झालं की थोडा वेळ गप्प बसायचं. ऐकलेलं आत मुरू द्यायचं. मी म्हटलं, "बाई, मी गप्प बसले तर बोंबील कोण विकणार?" त्या म्हणाल्या, "खारा मासापण लगेच मुरत नाही चंद्राबाई. मीठ लावून ठेवावंच लागतं." आता माझ्याच धंद्यातलं मला सांगितल्यावर काय बोलणार?

उपवासाचं पण तसंच. शेजारच्या बाया उपासाला साबुदाणा तरी खातात, आमच्यात नुसतं पाणी. मी कडक उपवास केला आणि दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसले. बुधवारच्या प्रार्थनेत बाई एवढंच म्हणाल्या की उपवास पोटाचा धरला तर जिभेचापण धरावा. कुणाकडं बघून म्हणाल्या नाहीत. पण सगळ्या बायांनी माझ्याकडंच बघितलं. ठकुबाई तर हसली.

हसा. हे हसण्यासारखंच आहे. पुढचं नाही.

मी बाजाराला मार्गासनीच्या बंडूच्या टेम्पोतून जाते. वेल्ह्याकडं. बंडू आपल्यातला नाही, त्याच्या टेम्पोत पुढं खंडोबाचा फोटो आहे आणि मागं माझे बोंबील. मी पुढं बसून बाईंचं वचन लावायचे, बंडूपण ऐकायचा. एखाद्या दिवशी मी लावलं नाही तर तोच विचारायचा, "मावशी, आज बाईंचं काय आलं न्हाई व्हय?" आणि प्रार्थना लागली की मी मोबाईलबरोबर मोठ्यानं म्हणायचे.

त्या प्रार्थनेत एक ओळ आहे. तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आम्ही दुसऱ्याला जशी माफी दिली, तशी तू आम्हाला दे, अशा अर्थाची. तिथं आले की मी गप्प व्हायचे. मोबाईल म्हणायचा, मी नाही. पुढची ओळ आली की परत माझा आवाज चालू.

बंडूनं लई दिवस ऐकून घेतलं. मग एकदा मार्गासनीच्या पुढच्या वळणावर म्हणाला, "मावशी, हितं मोबाईलची रेंज जाती ते म्हाईताय मला. पण आता मोबाईल चालूय, तुमचीच रेंज गेली की."

मी म्हटलं, "समोर बघून गाडी चालव."

"चालवतो की. पण रोज त्याच वळीला जाती म्हणून इचारलं."

बंडूला कळलं, ते तुम्हाला कळलं नसेल का? बाईंना तर मी चर्चमध्ये गप्प झाले त्या पहिल्याच रविवारी कळलं होतं. त्यांनी मला चर्चच्या दारात थांबवलं, चप्पल शोधल्यासारखं करत हळूच म्हणाल्या, "चंद्राबाई, आपल्या मंडळीत तुमचा आवाज सगळ्यात मोठा. तो थांबला की मला वरचा पंखा ऐकू येतो."

मी म्हटलं, "मला नाही ती ओळ म्हणता येत. म्हणायची जबरदस्ती आहे का?"

दुसरं कुणी असतं तर मला प्रवचन दिलं असतं. बाई म्हणाल्या, "म्हणू नका. देवापुढं खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं. पण उडी मारू नका. बाकीचे पुढं जाऊ देत, तुम्ही तिथंच थांबा. कोण दिसतं ते बघा."

अध्यक्षसाहेब, घड्याळाकडं बघू नका. जेवण उशिरा झालं की चवीला लागतं.

तर मी थांबायला लागले. कोण दिसायचं? माझी जाऊ दिसायची, सुलक्षणा. ती मागं भाताजवळ उभी आहे. सुलक्षणा, बाहेर जाऊ नकोस. भात करपला तर करपू दे, आज मंडळी करपलेला भात खाईल.

आमच्या दोघींचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी पानशेतच्या बाजारात होते. सकाळपासून त्या दाराकडं बघत विचारत होत्या, चंद्रा आली का. घरात सुलक्षणा होती, हातात मोबाईल होता, तिनं मला फोन लावला नाही. मी संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन आले तर दारात माणसं. शेवटचं पाणी माझ्या हातचं मिळालं नाही त्यांना. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला बोंबील कसे पारखायचे ते शिकवलं होतं, आणि मी त्यांच्यासाठी नव्हते. मातीला सगळे जमलेले असताना मी सगळ्यांपुढं विचारलं, "फोन लावायला तुझ्या हाताला काय झालं होतं?" सुलक्षणा पाहुण्यांना पाणी देत राहिली.

ते तुम्ही ऐकलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी तेव्हाच निकाल देऊन टाकला. सुलक्षणा बुधवारी आम्हाला वचन वाचून दाखवायची, नववी झालीय ती, छान वाचते. तिनं वाचणं सोडलं. तुम्हीपण तिला वाच म्हणाला नाहीत. तेव्हापासून ती मागं पातेल्याजवळ असते, आणि मी जुनं घर सोडून वेगळी राहते.

आता थांबायचं सांगितलं होतं ना बाईंनी, तर मी थांबत होते. पुष्कळ दिवस सुलक्षणाच दिसली. मग सासूबाई दिसायला लागल्या. आणि मग, नसरापूर सोडून टेम्पो पुढं लागला होता, बाईंचा मोबाईल ती ओळ म्हणून पुढं गेला होता, तेव्हा मला मी दिसले. बाजाराला निघालेली, पदर खोचलेला, पाटी टेम्पोत टाकताना मागं वळून सुलक्षणाला सांगतेय, "बाजाराच्या दिवशी मला फोन लावायचा नाही. आभाळ कोसळलं तरी लावायचा नाही." त्याच्या आधीच्या बाजारी तिनं दोनदा लावला होता. सासूबाई चहा घेत नाहीत, सासूबाई औषध थुंकतात. माझं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. म्हणून मी तसं सांगितलं. ओरडूनच सांगितलं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

तिनं ऐकलं. एवढाच तिचा गुन्हा, माझं ऐकलं.

हे मी विसरले होते का? विसरले असते तर बरं झालं असतं. विसरले नव्हते, त्यावर पाय देऊन उभी होते. आणि सुलक्षणा? मातीच्या वेळी ती एवढंच म्हणाली असती की जाऊबाई, तुमीच नको म्हणाला होता, तर माझी वाचा बसली असती. म्हणाली नाही. नंतरपण कुणाला म्हणाली नाही. मी चारचौघांत तिला दोष दिला आणि तिनं माझी लाज राखली. मी कुणाला माफ करायची वाट बघत होते, सांगा. माफी द्यायचीच नव्हती मला, मागायची होती. उलट्या दाराशी उभी होते मी.

बाईंना हे सगळं आत्ता कळतंय. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात त्या माझ्या घरी आल्या. बोंबलांचा वास त्यांना सोसत नाही, तरी पदर नाकाला न लावता बसल्या. म्हणाल्या, "बुधवारची प्रार्थना बंद पडू देऊ नका. प्रार्थना तुम्ही सांगा. वाचायला सुलक्षणाला घ्या." नवीन पाळकसाहेब येतील तेव्हा येतील, आणि त्यांच्या बाई असतील नसतील. वाचणारी आणि बोलणारी अशा दोघी असल्या तर प्रार्थना चालेल, नाहीतर चार बुधवारांत बंद. हे मलापण कळत होतं.

मी म्हटलं, "बघू."

त्या म्हणाल्या, "तुमचं बघू म्हणजे नाही. एवढं मला आता कळतं." चहा घेतला आणि गेल्या. मी त्यांना तसंच जाऊ दिलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. ज्या बाईनं माझ्यासाठी रोज सकाळी घसा कोरडा केला, तिला निरोपाला मी काय दिलं, तर बघू.

तुम्ही विचाराल, निरोपाच्या कार्यक्रमात घरचं धुणं का काढलं? पाहुण्यांना वाटत असेल, ही बाई कुठून उभी केली. पण मी सुलक्षणाला बोल लावला तो चारचौघांत लावला. मग काढायचा कुठं? मोरीत?

तर मंडळी, ऐका. सुलक्षणाचा दोष नव्हता. फोन लावू नको असं मीच सांगितलं होतं. ज्यांनी तिला नावं ठेवली त्यांनी आता मला ठेवा, माझं अंग दणकट आहे. सुलक्षणा, माझं चुकलं. तू हो म्हण असं मी म्हणत नाही. तुला वेळ लागला तर लागू दे, मलापण लागला. पण या बुधवारी मी आपल्या जुन्या घरी येते, सासूबाईंच्या खोलीत बसू. तू वाच. तुझ्याच्यानं नाही झालं तर मी गप्प बसून येईन, तेवढं मला बाईंनी शिकवलंय.

काय म्हणतेय ती? मोठ्यानं बोल.

म्हणतेय, चष्म्याचा नंबर बदललाय, बुधवारपर्यंत नवा आणते.

बरं.

सरोजबाई, आमच्याकडून तुम्हाला ही शाल. पाळकसाहेब, तुम्हाला मोज्यांचा जोड आहे, बायांनीच ठरवलं, दोन्ही एकत्र ठेवा. महिला मंडळानं मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घड्याळ खिशात ठेवलं, पाहुण्यांनी शांतपणे ऐकलं, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. भात ज्यांनी सांभाळला त्यांचे जास्त.

आता शेवटी अश्लेषाताईंनी म्हणायला सांगितलं होतं, बोलण्यात काही चुकलं-माकलं असेल तर माफी असावी. आजवर हे मी जेवताना मीठ वाढावं तसं म्हणत आले. आज म्हणताना जड जातंय, कारण आता मला त्याचा अर्थ माहीत आहे. चुकलंय. बोलण्यातपण आणि वागण्यातपण. माफी असावी.

आता अध्यक्ष प्रभूची प्रार्थना सांगतील, आपण सगळे उभे राहून म्हणू. सरोजबाई, ती ओळ आली की कान द्या. पंखा ऐकू येतो का, तेवढं बघा.