लो मास्तरांची रजई

ताइनानच्या बाजारात रजईच्या दुकानापुढे रांग होती. माझ्या पुढे लो मास्तर आणि त्यांची बायको आ-गिम. मास्तरांनी मला शाळेत रसायन शिकवलं होतं, पण ओळखलं नाही.

"दोन वेगळ्या रजया घेऊ. तुमच्या शिंका ऐकून माझे कान किटले," आ-गिम म्हणाली.

"शिंका का येतात? तू रजई ओढतेस."

"झोपेतलं मनावर घ्यायचं नसतं."

"क्लोरीनही हेच म्हणेल. हायड्रोजनबरोबर इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक, पण क्लोरीनची विद्युतऋणता जास्त, म्हणजे ओढ जास्त. जोडी त्याच्याकडे सरकते. तो जरासा ऋण होतो, हायड्रोजन बिचारा जरासा धन. हा ध्रुवीय बंध."

"आणि दोघंही क्लोरीन असले तर?"

"ओढ सारखी. रजई मधोमध."

"मग माझ्यासारखीच ओढा की. कोणी अडवलंय?"

"माझ्यात तेवढी ओढ असती तर काय हवं होतं."

"तुमच्याहून गरीब कोणी आहे का?"

"सोडियम. तो तर क्लोरीनला इलेक्ट्रॉन देऊनच टाकतो. मग एक पुरता धन, दुसरा पुरता ऋण, आणि दोघं एकमेकांना घट्ट धरून बसतात. त्याचंच मीठ होतं."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"काय दाखवू, आजी?" दुकानदाराने विचारलं.

"एकच द्या. सिंगल."

"अगं, आणि मी?"

"तुम्ही सोडियम व्हा. रजई सोडा आणि मला चिकटा."

मास्तर खाकरले. मग दुकानदाराकडे वाकून हळूच म्हणाले, "त्यातल्या त्यात अरुंद बघा."