गुरुवारची डिस्क

(घानातलं कुमासी शहर. औषधांच्या घाऊक दुकानामागची पडवी, शुक्रवारची दुपार. आजी कढईत पिकली केळी तळतेय. रुग्णालयांच्या संस्थेकडून राजधानी अक्राहून तपासणीला आलेले लार्टे साहेब खुर्चीत बसलेत. आतल्या खोलीत आजीची नात सेरवा कॉम्प्युटरशी झुंजतेय.)

आजी : ...शप्पथ! अक्षर अन् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर या कढईत केळ्यांबरोबर माझी जीभ तळा, वर तिखट भुरभुरा अन् खा!

लार्टे : आजी, सर्व्हर तरंगत नाही. लोखंडाचा असतो तो.

आजी : तुमचे अक्राचे बुडत असतील. आमचा तरंगला. नाल्याचं पाणी दुकानात शिरलं, कंबरेला लागलं, अन् हा आपला डुलत डुलत दाराबाहेर! दिवे लुकलुकत होते त्याचे. मी म्हटलं, पळतोस कुठं मेल्या? बसले धुण्याच्या टोपात अन् सुपाच्या पळीनं वल्हवत सुटले मागं.

लार्टे : पुरात वीज होती?

आजी : वीज कुठली! एरवीच नसते, पुरात कोण देतो?

लार्टे : मग दिवे कशावर लुकलुकत होते?

आजी : घाबरला होता हो तो! तुम्ही घाबरल्यावर डोळे नाही मिचकावत?

लार्टे : बरं. पकडलात का शेवटी?

आजी : छे! केजेटिया बाजारापर्यंत गेला. तिथं एका बाईनं त्याच्यावर सुकट वाळत घातली. मी म्हटलं, असू दे बाई, तुझ्या तरी उपयोगी पडला. आमचं काय अडतंय? आमची रविवारची डिस्क घरी कोरडीठाक होती. दोन दिवसांत दुकान उभं! माझा नवरा होता तेव्हा. त्यांचीच ती अक्कल.

लार्टे : तीच अक्कल बघायला आलोय मी.

आजी : बघायला आलात म्हणे! सकाळी आलात, नमस्कार नाही चमत्कार नाही, 'समजा तुमची कॉम्प्युटरची खोली जळाली' म्हणालात अन् खोलीला बाहेरून कुलूप घातलंत! पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

लार्टे : आग निरोप धाडून येत नाही, आजी. आमचे एवढे दवाखाने तुमच्याकडून औषधं घेणार. उद्या एखादा लॉट खराब निघाला, तर तो कुठल्या दवाखान्यात गेला ते तिथल्या तिथं कळायला हवं. 'आमचा सर्व्हर गेला हो' म्हणून पेशंट थांबत नाही.

आजी : ते बरोबर आहे तुमचं. घ्या, केळं घ्या. गरम आहे, फुंकून खा.

लार्टे : तपासणीला गेलो की मी काही खात नाही.

आजी : हे तपासणीचं नाही. हे केळ्याचं आहे.

सेरवा : सर, बुधवारपर्यंतचं सगळं आलं. दुसऱ्या मशीनवर उभं केलंय. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. हवं ते विचारा.

लार्टे : आलं कशावरून? इंटरनेटवरून?

सेरवा : नाही सर. रोज एक प्रत इंटरनेटवरून अक्राच्या मशीनवर जाते, पण सोमवारी रस्ता खणताना केबल तोडली त्यांनी. अजून जोडतायत. म्हणून डिस्कवरून आणलं. रविवारी सगळ्याची आख्खी प्रत निघते. मग रोज फक्त त्या दिवसात बदललेलं.

आजी : म्हणजे रविवारी हंडाभर सूप करायचं अन् मग रोज त्यात थोडं थोडं घालायचं. मधल्या एका दिवसाचं चुकलं, की पुढचं सगळं बेचव.

सेरवा : आजी, प्लीज. पण हो सर, तसंच.

लार्टे : आणि या डिस्क ठेवता कुठे?

सेरवा : माणसांच्या घरी. आत सगळं कुलूपबंद असतं सर. परवलीचा शब्द माहीत नसेल तर ती डिस्क नाही, वीट आहे.

लार्टे : कुणाच्या घरी?

सेरवा : ज्याचा जन्मवार, त्याच्या. आजोबांचा नियम आहे. आधी पाळ्या लावल्या होत्या. 'आज तुझी होती', 'नाही, तुझीच होती', असली भांडणं, अन् डिस्क पडलेली टेबलावर. आजोबा म्हणाले, माणूस पाळी विसरतो, आपला वार नाही विसरत. तेव्हापासून सोमवारची कोजोची, मंगळवारची अबेनाची, बुधवारची क्वाकूची. एकाला एकच वार. आजतागायत कुणी विसरलेलं नाही.

आजी : विसरेल कसा? वारावरूनच नाव ठेवतो आम्ही, आईनं हाक मारली तरी आठवतं!

लार्टे : हं. हे मी कुठंच पाहिलं नव्हतं. वाईट नाही. रविवारची कुणाची?

आजी : माझी. अकोसुआ मी, रविवारची. चर्चहून येताना घेऊन जाते.

लार्टे : आणि गुरुवारची?

सेरवा : सर, आधी बुधवारचं दाखवू?

लार्टे : सेरवा, काल गुरुवार होता.

सेरवा : गुरुवारचं दुकानात कुणी नाही सर. एक होता, तो लग्न करून तमालेला गेला. गुरुवारी प्रत निघते, पण डिस्क डबीसकट तिथंच मशीनच्या खाचेत राहते. एरवी अक्राची प्रत असतेच, म्हणून...

लार्टे : तिथंच म्हणजे खोलीत.

सेरवा : हो.

लार्टे : जी जळाली.

सेरवा : हो सर.

लार्टे : काल दुपारी इजुराच्या आमच्या दवाखान्याला तुमच्याकडून इन्सुलिन गेलं. कुठला लॉट? दाखवू शकाल?

सेरवा : ...नाही.

लार्टे : मला वाईट वाटतं. माणसं चांगली आहात तुम्ही. पण मी असं पास करू शकत नाही. माझी बस आहे थोड्या वेळानं.

आजी : बसा खाली. गुरुवारची डिस्क आहे.

सेरवा : आजी, आता नको.

आजी : नको काय? बुटक्याकडे आहे.

लार्टे : कुणाकडे?

आजी : रानातला बुटका हो. गुडघ्याएवढा, पावलं उलटी. तुमच्याकडं नाहीत का? गुरुवारचाच जन्म त्याचा. दर गुरुवारी दुकान बंद झालं की येतो, डिस्क काखोटीला मारतो अन् जातो. इतका भरवशाचा रखवालदार मिळणार नाही तुम्हाला! चोर पावलांचा माग काढत निघाला, तर पावलं उलटी. घरापासून लांब लांबच जातो बिचारा.

सेरवा : आजी! ही ऑर्डर गेली तर अर्ध्या दुकानाला घरी बसवावं लागेल. अबेनाला दोन लेकरं आहेत. तिला मी काय सांगू, बुटक्याची गोष्ट?

आजी : आवाज चढवू नकोस. खाचेत डिस्क आहे म्हणालीस. डोळ्यांनी बघितलीस?

सेरवा : बघायला काय हवं? खाचेत डबी असते, डबीत डिस्क असते.

आजी : मग जा, बघ. साहेब, द्या तिला किल्ली. जळालेल्या खोलीत राख बघायला तरी जाता येतं की नाही?

लार्टे : ही घे. पण कशाला हात लावायचा नाही.

आजी : तोवर तुम्ही केळं खा. बघा, अख्ख्या कुमासीत असं केळं मिळणार नाही. हे केळीचं झाड माझ्या सासूनं लावलं ते एका विजेच्या खांबाला टेकून, म्हणून वीज गेली की याचे घड काळे पडतात...

लार्टे : आजी, तुम्ही मला बोलण्यात गुंतवताय.

आजी : सकाळपासून! आत्ता कळलं?

सेरवा : सर! डबीत साबण आहे!

लार्टे : काय?

सेरवा : कपडे धुवायचा साबण! डिस्कच्या मापाचा कापलाय, कोपरेसुद्धा गोल केलेत! डिस्क नाही तिथं!

आजी : बुटका सभ्य आहे. काही नेलं तर काही ठेवून जातो.

सेरवा : कधीपासून? मी दर गुरुवारी सकाळी... आजी, गुरुवारी सकाळी तर डबीत डिस्क असते. मी स्वतः घालते खाचेत.

आजी : सकाळी आणून ठेवतो ना तो! उधळा नाहीये माझा बुटका. तू ही केळी बघ, करपवू नकोस. मी त्याला हाक मारून येते.

लार्टे : कुठं निघाल्या त्या?

सेरवा : घरी. मागच्या गल्लीतच आहे घर. सर, मला खरंच माहीत नव्हतं.

लार्टे : दिसतंय. केळं करपतंय.

सेरवा : अरे देवा! ...सर, एक विचारू? ती डिस्क आली, तर धराल तुम्ही? का साबण बघून मनात काट मारलीत?

लार्टे : खोली जळाली असती तर डिस्क वाचली असती का, एवढंच मी बघतो. ती बुटक्यानं वाचवली का बिशपनं, हा प्रश्न माझ्याकडे नाही.

सेरवा : आजोबा असंच बोलायचे. कुणी कसं वाचवलं ते नंतर, आधी वाचलं का सांगा.

लार्टे : तरंगलेला सर्व्हर खरा आहे?

सेरवा : पूर खरा आहे. टोप मी पाहिलाय. बाकी तुम्ही ठरवा.

आजी : आले, आले! हे घे. तीन हाका मारल्या तेव्हा उठला आळशी. फडक्यासकट घे, त्याला धूळ चालत नाही.

सेरवा : ह्याला मक्याच्या पिठाचा वास येतोय.

आजी : रानात पीठ नसतं का? जा, लाव. बस चाललीय साहेबांची.

लार्टे : फडकं इथंच राहू दे, सेरवा. माझ्याकडे.

आजी : फडक्याची पण तपासणी?

लार्टे : छान आहे. काळ्यावर लाल पानं. आता एक केळं द्या बघू.

आजी : आता आलात माणसात! तिखट घालू?

लार्टे : घाला... अहो, बेतानं! आजी, खरं सांगा, काळजी वाटत नव्हती तुम्हाला? सकाळपासून नुसत्या थापा चालल्यात.

आजी : डोकं धरून बसले असते तर पोरगी आणखी घाबरली असती. थापा कसल्या हो, खरंच ते सगळं. ऐका, पुरात आणखी काय झालं...

सेरवा : सर! मिळालं! इजुरा, इन्सुलिन, काल दुपारी. हा बघा लॉट नंबर, ही मुदत, आणि गाडीतल्या बर्फाच्या पेटीचं तापमानसुद्धा.

लार्टे : थांब, आमच्या दवाखान्याला फोन लावतो. हॅलो... हो, मीच. कालच्या इन्सुलिनच्या खोक्यावरचा नंबर वाचा... सावकाश... परत एकदा... बरोबर. आभारी आहे.

सेरवा : सर?

लार्टे : तंतोतंत. एक चूक आहे, ती सुधारा. गुरुवारला माणूस नेमा आणि त्याचं नाव मला कळवा. बाकी तुम्ही पास.

सेरवा : अबेना! क्वाकू! अरे, पास झालो! आजी, तुझा तो बुटका... तुझ्याशी मी नंतर बोलते. आधी सगळ्यांना सांगून येते!

आजी : पळ, पळ. ...घ्या साहेब, हे बांधून न्या. बसमध्ये भूक लागते.

लार्टे : आजी, सकाळी तुम्ही रविवारची डिस्क आणून दिलीत, तेव्हा तीही एका फडक्यात होती.

आजी : असेल.

लार्टे : काळ्यावर लाल पानं.

आजी : बाजारात ढिगानं मिळतं.

लार्टे : नाही मिळत. हे घरच्या माणसाच्या अंत्यविधीला छापून घेतात. पानांच्या मध्ये बारीक अक्षरात तुमच्या यजमानांचं नाव आहे. बुटक्याचं आणि तुमचं कापड एकाच ताग्यातलं कसं?

आजी : डोळे आहेत का दुर्बिणी?

लार्टे : पगार त्याचाच मिळतो.

आजी : ...सर्व्हर तरंगला, ते खरं. टोपातून गेले, ते खरं. सुकट वाळत घातली, तीही खरी. बुटका तेवढा माझ्या पदरचा.

लार्टे : म्हणजे गुरुवार तुम्हीच नेता.

आजी : मी जन्माचीच गुरुवारची. याआ नाव माझं. गुरुवारची डिस्क तिथं उघड्यावर टाकून घरी जायला पाय निघेना. वार कुणाचा, माझा ना?

लार्टे : मग रविवार?

आजी : रविवार ह्यांचा. क्वासी ना ते. गेले, तेव्हा पोरगी म्हणाली, गोदामात नवी मुलगी आलीय अकोसुआ म्हणून, आता डिस्क तिच्याकडे देऊ. एकाला एकच वार, नियम ह्यांचाच. मी ठणकावून सांगितलं, मीच रविवारची. म्हाताऱ्या बाईचा वार कोण तपासतो?

लार्टे : सेरवाला कळलं नाही?

आजी : माझी नात आहे ती. मला आजवर एकदाही विचारलं नाही, त्यावरून काय ते समजा.

लार्टे : दोन डिस्क एका घरात ठेवू नयेत, आजी. घराला काही झालं तर दोन्ही जातात.

आजी : मग गुरुवार न्या माझा. द्या कुणालाही, हसत देते.

लार्टे : तो द्याच. रविवारचं मी काही विचारलेलं नाही.

आजी : दर रविवारी चर्चनंतर ते दुकानात डोकवायचे अन् डिस्क घेऊन घरी यायचे. आता ती मी आणते. दार उघडलं की कुणीतरी घरी आल्यासारखं वाटतं.