मोरचुदाचं पाणी

फुलदाणी नका गं देऊ मला, हात जोडते!

देवासला असताना ह्यांचे साहेब धारहून चहाला आले होते. शेजारणीनं सांगितलं होतं, पाण्यात चिमूटभर मोरचूद घाल, गुलाब टिकतात. विषच ते, पण चिमूटभर! मी तांब्यातल्या पाण्यात घातलं आणि परसात गुलाब कापायला गेले. परत येते तर तांब्या रिकामा.

"जाऊबाई, यातलं पाणी?"

"चहाला घेतलं. देवासात उन्हाळ्याचं पाणी वाया कोण घालवतं?"

मी बाहेर धावले आणि साहेबांच्या हातातली बशीच ओढली. "दूध फाटलंय!"

"क्या हुआ, भाभी?" साहेब उठलेच. ह्यांनी डोळे वटारले.

जाऊबाईंनी मला आत नेलं. "वेडी का तू? साहेबांचा चहा माठातल्या पाण्याचा. तांब्यातल्याचा आपल्या दोघींचा केला. माझा पिऊन झाला, तुझा निवतोय."