डफळे सरांचे आठ कॅमेरे

मंडळी, सावरून बसा. मागची चुळबुळ जरा थांबवा! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चोरी पकडायला पहारा लागतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माणसानं चोरी करूच नये, त्याला काय लागतं? आणखी मोठा पहारा? माना डोलवू नका एवढ्यात, आधी ऐका.

एक गाव होतं, नाव घेत नाही. तुमच्यातले निम्मे तिथले पाहुणे निघायचे! त्या गावच्या शाळेत दहावीचं केंद्र. मागच्या साली कॉप्या एवढ्या सापडल्या, की शिक्षणखात्याच्या साहेबांनी बजावलं – यंदा पूर्वपरीक्षेला मी अचानक येणार. एक चिठ्ठी दिसली तरी मार्चचं केंद्र तालुक्याला!

आता तालुका किती लांब? बावीस किलोमीटर, आणि सकाळची एसटी नाही. अकरा पोरींच्या घरी लगेच ठरलं, केंद्र गेलं तर पोरगी घरी. त्यात रेवती डोईफोडे, वर्गात पहिली येणारी. तिच्या बापानं तर स्थळसुद्धा बघायला घेतलं. पोरगी बिचारी अभ्यास करायची आणि रडायची.

हेडमास्तर डफळे सर. माणूस वाईट नाही हो, पण संशयी! घरात दुधावर साय कमी दिसली तरी बायकोकडे बघणारा. त्यांनी वर्गात आठ कॅमेरे बसवले. पालक कुरकुरायला लागले, तर सर म्हणाले, या, तुम्हीच डोळ्यांनी बघा. आणि कॅमेऱ्यांचा पडदा आणून ठेवला व्हरांड्यात!

पहिला पेपर मराठीचा. सर पडद्यासमोर खुर्ची टाकून बसले, पापणी लवत नाही. आणि पाठीमागे अख्खं गाव! कॅमेरा इतका झकास, की रेवतीच्या पेपरातलं अक्षर न् अक्षर दिसतंय. पालकांनी काय केलं? काढले कागद, लागले उतरवून घ्यायला! तिथून खिडकीशी जायचं, चिठ्ठी आत टाकायची. आठही कॅमेरे नेमके खिडक्यांच्या वर लावलेले, त्यांना खालचं दिसत नव्हतं. सर पोरांवर नजर ठेवून, आणि चोर सरांच्या पाठीशी उभे राहून चहा पितायत! पखवाजवाले बुवा, हसा, पण ताल सोडू नका.

पेपर तपासायला वर्गशिक्षिका गायधनी बाईंकडे. निबंध होता 'माझे घर'. सात मुलांनी लिहिलेलं, 'मी माझ्या आईबापाची थोरली लेक आहे.' सात मुलगे हो! एकाला तर मिसरूड फुटलेलं!

बाई पेपर घेऊन सरांकडे गेल्या. सरांनी पेपर डोळ्यांशी धरले. म्हणाले, अजून आठ कॅमेरे आणू. बाई म्हणाल्या, एक पेपर माझ्यावर सोडा.

इतिहासाच्या दिवशी बाईंनी कॅमेरे बंद केले. पोरांना म्हणाल्या, "मी बाहेर लिंबाखाली बसते. आत येणार नाही. केंद्र गेलं तर या अकराजणींची शाळा बंद होईल. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

आणि गेल्या की निघून!

 दहा मिनिटांत खिडकीत हात आला. माणिकराव काळदाते, पडदा बंद म्हणून गाइडातून उतरवलेली चिठ्ठी घेऊन हजर. त्यांचा सुयोग म्हणजे त्या सात लेकींतली मिसरूडवाली! सुयोग उठला. चिठ्ठीकडे बघितलं, रेवतीकडे बघितलं. ती खाली मान घालून लिहीत होती. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, घरी जावा. तिची शाळा बंद पडंल."

आणि बापाच्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात साहेब आले! बघतात तर वर्गात शिक्षक नाही, बाई झाडाखाली. साहेब भडकले, तडक आत घुसले. बाकं पालथी घातली, खिसे उलटे केले. काही नाही! पेपर बघितले, एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. सुयोगच्या पेपरात तोवर चार ओळी, आणि त्यातल्याही निम्म्या चुकलेल्या. साहेब म्हणाले, ही मुलं नापास होतील हो बाई. बाई म्हणाल्या, होतील, मग मी शिकवीन.

केंद्र गावातच राहिलं. मार्चमध्ये रेवती आपल्याच बाकावर बसून दहावी झाली. सुयोगला इतिहासाच्या त्या पेपरात चाळीसपैकी नऊ पडले होते. बापानं दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतः शिकवणी लावून दिली.

हसलात ना मंडळी पोट धरून? आता मी विचारतो. आपल्या लेकरासाठी खिडकीत चिठ्ठी धरणारे या मंडपात किती? नाही, नावं नकोत. कोण बघतंय याची चिंता नको. मी देवाकडे तोंड करून उभा राहतो, मागे वळणार नाही. ज्यानं धरली असेल त्यानं हात वर करायचा.

हा बघा, पहिला हात माझा. आता म्हणा, विठ्ठल... विठ्ठल...