जसाच्या तसा आवाज

कुरिअरच्या रांगेत आपलं खोकं घेऊन उभ्या असलेल्या स्पीकरवाल्याने पुढच्या बाईच्या हातातलं खोकं ओळखलं. त्याच्याच कारखान्यातलं होतं. घरच्या स्टुडिओसाठी बनवलेले, स्वस्त पण आवाज जसाच्या तसा देणारे स्पीकर. बाईसोबत तिचा धाकटा भाऊ होता, तो तिला विचारत होता.

“ताई, बिघडलेत का?”

“छे रे, ठणठणीत आहेत.”

“मग परत कशाला?”

“बाबांच्या गाण्याची जुनी टेप साफ करायला बसले होते. आधीच्या स्पीकरवर नुसते बाबा ऐकू यायचे. यांच्यावर मागे कुणीतरी मुसमुसतंय.”

“कोण?”

“टेपजवळ कोण बसलं होतं त्या दिवशी?”

“आई. पण बाबा गायला लागले की ती तर भांडी आपटायची!”

“तेच तर.”

“अगं, मग ठेव की! आई गेल्यावर तिचा आवाज उरलाय कुठे आपल्याकडे?”

“आता आधीच्या स्पीकरवरही मला ते मुसमुसणंच ऐकू येतं.”

“मग हे परत करून काय होणार?”

“मला काय ठाऊक!”

खिडकीतल्या माणसाने खोकं ओढून घेतलं.

“कारण काय टाकू, बाई? आवाज येत नाही?”

“येतो.”

“खराब येतो?”

“नाही हो. चांगला येतो.”

त्याने वैतागून मागे पाहिलं. “तुम्हाला काही कळलं का, साहेब?”

स्पीकरवाल्याने आपलं खोकं या हातातून त्या हातात घेतलं. “लिहा, आवाज जसाच्या तसा येतो.”