डिकीचं माप

—नाही, नाही, मॅडम, तुम्ही उभ्या राहू नका, त्या कट्ट्यावर बसा निवांत. मी आपला इथेच बसतो थोडा वेळ, स्टिअरिंगपाशी. इंजिन बंद केलंय, काळजी नको. जुळी वर झोपलीयत ना? आजी आहे त्यांच्यापाशी? मग झालं तर. चक्कर छानच झाली. छान म्हणजे — तुम्ही शेजारी होतात म्हणून मी जपून चालवली, नाहीतर त्या गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्याला… काटा बघितलात तुम्ही? बघितलात. बरं. म्हणजे जपून, पण माझ्या मानाने जपून. दुसऱ्या गिअरला पाय नुसता टेकवला हो मी, नुसता टेकवला, तर पाठ जी चिकटली सीटला ती वळणापर्यंत सुटली नाही. एवढीशी गाडी, दारात उभी असली तर कुणी ढुंकून बघणार नाही, आणि पोटात काय भरलंय तिच्या! चौपन्न वर्षांचा आहे मी, मॅडम. चौपन्नाव्या वर्षी माणूस गाडी चालवताना आपणहून हसला, असं तुम्ही कधी बघितलंयत? मी बघितलं, आत्ता, आरशात. माझाच चेहरा, पण ओळख पटायला वेळ लागला.

आमची ती बाहेर, गेटपाशी लावलीय. सात सीटची. तुम्हाला हवी तशीच आहे अगदी — जुळ्यांच्या दोन खुर्च्या, तुम्ही दोघं, दोन्हीकडच्या आज्या, वर एक जागा शिल्लक. आपलं फोनवर ठरलंय तसंच, सरळ अदलाबदल, मेकॅनिकने दोन्ही बघितल्यात, मला काही घासाघीस करायची नाही. गाडी उत्तम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण एक सांगू का, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो — सात सीटची गाडी घेतली की माणूस माणूस राहत नाही, तो सोय होतो. मला कुणी 'येतोस का' विचारत नाही. 'कितीला येतोस' विचारतात. बहिणीने घर बदललं — कुणाची गाडी? शेजाऱ्यांचा फ्रिज बिघडला, तो दुकानात न्यायचा — कुणाची गाडी? बायकोच्या ऑफिसातल्या बायकांची सहल, सहा जणी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर कोण ते सांगायला नको. दिवसभर त्या धबधब्याखाली फोटो काढत होत्या आणि मी पार्किंगमध्ये त्यांच्या पर्सा सांभाळत बसलो होतो, सहा पर्सा. आणि परत येताना त्यातली एक मला म्हणते, तुमची गाडी किती ऐसपैस आहे हो. गाडी ऐसपैस आहे, बाई, मी कुठे बसू ते सांग.

बायकोला माहीत आहे का? आहे, म्हणजे गाडी बघतोय एवढं माहीत आहे. ती म्हणाली, लोक पन्नाशीत केस रंगवतात, तुम्ही गाडी बदला. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही. वास्तविक हा निर्णय मी माझ्या एकट्यासाठी घेतच नाहीये, इंधन वाचतं, पार्किंगला सोपी, गल्लीत वळते — सगळा विचार करून ठेवलाय मी. तो काटा बघून भुलणारा माणूस नाही मी. माझा धंदाच तो नाही. वजनमापे खात्यात आहे, निरीक्षक. दुकानांतले काटे तपासायचे, कापडवाल्यांचे मीटर तपासायचे, शिक्का मारायचा. तीस वर्षं. एका कापडवाल्याचा मीटर अर्ध्या बोटाने कमी भरला होता, अर्ध्या बोटाने — बिचारा रडकुंडीला आला, म्हणाला साहेब, झिजलाय, मुद्दाम नाही केलेला. मी म्हटलं, झिजलेला मीटर नेमका गिऱ्हाइकाच्या बाजूनेच कसा झिजतो? केला जप्त. खात्यात मला मागून 'पट्टी' म्हणतात. म्हणू देत. हा टेप बघा, खिशातच असतो, रविवारीसुद्धा. माप म्हणजे माप.

तेवढं जरा मागचं दार उघडता? डिकीचं. थँक्यू. लांबी बघतो फक्त… अडुसष्ट. परत एकदा… अडुसष्टच. उत्तम.

हसलात का? नाही, मला वाटलं हसलात. लोक मोठी डिकी बघून खूश होतात आणि हा लहान बघून होतोय, असंच ना? होतं असं, प्रत्येकाची गरज वेगळी. ह्याआधी तीन गाड्या बघितल्या मी. पहिली त्या दातांच्या डॉक्टरची, लाल, काय पळत होती! डिकी पंच्याण्णव. नको म्हटलं. दुसरी एक्याण्णव. एक सेंटिमीटरने गेली बघा हातची. तिसरीची मोजलीच नाही, नुसत्या नजरेने कळलं, मोठी होती. मालक म्हणाला, घ्या की, ह्यात तुमची व्हीलचेअरसुद्धा बसेल — मीच बोलता बोलता विषय काढला होता, दुसरं काय. त्याला सांगितलं, रंग आवडला नाही. पांढरी होती. आमची आत्ताचीही पांढरीच आहे.

हो, व्हीलचेअर. वडिलांची. अप्पांची डावी बाजू गेली तीन वर्षांपूर्वी. बोलणं शाबूत आहे, चांगलंच शाबूत आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, अकरा वाजता व्यायामाला न्यायचं. मी त्यासाठी दुपारची पाळी मागून घेतलीय. खुर्ची घडी करायची, मागे टाकायची, त्यांना उचलून पुढे बसवायचं, पट्टा लावायचा, आणि मग सुरू. म्हणजे गाडी नव्हे, अप्पा. अप्पा बसचे ड्रायव्हर होते, चौतीस वर्षं, एकदाही कुणाला घासले नाहीत, पाटी मिळालीय त्यांना तशी, दिवाणखान्यात लावलीय. 'क्लचवरचा पाय काढ.' 'आरसा कशाला दिलाय?' 'ब्रेक लावतोस का खिळा ठोकतोस?' चौपन्न वर्षांच्या माणसाला! सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला काच खाली करून सांगतात, आमचा हा अजून शिकतोय. आणि खरं सांगू, त्यांचं चुकत नाही. तेच तर आहे, कधीच चुकत नाही.

आज बुधवार? हो, बुधवारच. म्हणजे काय, बाहेर गाडीतच बसलेत ते. अहो, नाही, उन्हात नाही, झाडाखाली लावलीय, काचा खाली आहेत, पाण्याची बाटली दिलीय, वर्तमानपत्र दिलंय. अकराला अवकाश आहे अजून. आत आणायचं म्हणजे खुर्ची काढा, उघडा, उतरवा… त्यांना सांगितलंय, एका माणसाकडे पाच मिनिटांचं काम आहे. काय काम ते नाही सांगितलं. तुम्ही आमची गाडी बघून घ्या ना तोवर. जा, किल्लीची गरज नाही, आत अप्पा आहेत. मागच्या दोन सीट कशा घडी होतात ते बघा, एकदम सोपं आहे. मी इथे बसतो. मी कुठे जातोय.

—आलात? बराच वेळ घेतलात. अप्पांनी धरून ठेवलं असणार. काय, बसच्या गिअरबॉक्सचं सांगितलं? नाही? मग? …काही विशेष नाही? अप्पा आणि विशेष काही नाही? बरं. गाडी कशी वाटली? आवडली ना, म्हटलं होतं मी. फक्त पायरी जरा उंच आहे. अप्पांना चढवताना हाल होतात त्यांचे, त्या दृष्टीनेही ही लहान गाडी — नाही, हिच्यात म्हणजे… बरोबर आहे तुमचं, ही तर आणखी बुटकी आहे, वाकून बसावं लागेल. पण अप्पा हिच्यात बसणारच नाहीत, तोच तर मुद्दा आहे. खुर्ची घडी करून नव्वद भरते. नव्वद. तुमची डिकी अडुसष्ट. बावीस सेंटिमीटर कमी. आता मी काय करणार, मॅडम? माझी इच्छा असून काय उपयोग, माप म्हणजे माप. मी घरी जाऊन तसंच सांगणार, टेप दाखवून सांगणार. मग धाकट्याला न्यावं लागेल. धाकटा भाऊ, दोन गल्ल्या सोडून राहतो, त्याचीही मोठी गाडी आहे, माझ्याहून नवी. तीन वर्षांत त्याने अप्पांना किती वेळा नेलं असेल? एकदा. त्या दिवशी खुर्चीच्या चाकांची माती लागली त्याच्या सीटकव्हरला, तेव्हापासून त्याची पाठ दुखते. मी म्हणत नाही की ती दुखत नाही. सोमवार-बुधवार-शुक्रवारच दुखते, एवढंच. आणि मी त्याला तोंडावर 'तू ने' असं म्हणू शकत नाही. अप्पांच्या देखत कसं म्हणू? अप्पा म्हणजे काय फ्रिज आहेत, इथून उचल तिथे ठेव करायला? तसं म्हटलं तर मी वाईट. पण डिकीत खुर्ची बसली नाही तर कुणीच वाईट नाही, मॅडम. तुम्हीच सांगा, आहे का कुणी वाईट?

उठलात कशाला? मला वाटतंय तुम्हाला राग आलाय. अहो, मला प्रेम नाही असं नाही. मी लहान असताना शेवटच्या फेरीला मला घेऊन जायचे ते, इंजिनाच्या त्या गरम झाकणावर बसवायचे. मी बसलोय तिथे. माझं प्रेम आहे त्यांच्यावर. पण तीन वर्षं झाली, मी गाडीत एकटा बसलेलो नाही. एकटा म्हणजे एकटा — मागे कुणी नाही, शेजारी कुणी नाही, कुठे पोचवायचं नाही. मी गाणं म्हणतो हो गाडीत. म्हणायचो. आवाज बरा नाही माझा, पण गाडीत चालतो. आत्ता तुमच्याबरोबर त्या गोदामांच्या रस्त्याला गाणं ओठांवर आलं होतं, ते मिटून धरले. हे मी तुम्हाला का सांगतोय कळत नाही. चला, कागद कुठेयत, सही करून टाकू, मला अकराच्या आत—

काय करताय? डिकी बघितली मी, दोनदा मोजली. अहो, ती मागची सीट कशाला — हात अडकेल तुमचा, मॅडम, जपून. तो पट्टा ओढायचा होय. अशी पडते ती? सपाट पडते. …जुळ्यांची बाबागाडी. दुकानातून अशीच आणलीत. जुळ्यांची म्हणजे आमच्या खुर्चीहून मोठीच असणार. नाही, टेप नको. एकशे चाळीस आहे ते. न मोजता सांगतो. तीस वर्षांची नजर आहे, चुकायची नाही.

बसेल. खुर्ची बसेल. आडवी टाकली तर वर पिशवीलाही जागा आहे.

माहीत होतं का म्हणजे? मला? अहो, सीट पडतात हे कुणाला माहीत नसतं, आमच्या गाडीच्या मी रोज पाडतो… होतं. होतं माहीत. त्या तिन्ही गाड्यांची सीट मी एकदाही पाडली नाही. हात नाही लावला. मालक पाडायला लागला की मी इंजिनाचं काहीतरी विचारायचो. झालं समाधान? पण मग मी एवढी लांबण लावली तेव्हाच तुम्ही का नाही बोललात, आमची गाडी बघून आल्या आल्या सांगायचं होतं ना, मी बावीस सेंटिमीटर म्हटलं तेव्हाच—

कुणी? अप्पांनी? त्यांना काय माहीत असणार, मी तर सांगितलंय पाच मिनिटांचं काम… खुर्ची मोजताना? परवा अंगणात मोजली मी, ते झोपले होते तेव्हा. झोपले नव्हते? …काय म्हणाले, नीट सांगा. त्यांचेच शब्द सांगा, मला ते कसे बोलतात माहीत आहे.

'तो डिकीला टेप लावील आणि खुर्ची बसत नाही म्हणेल. त्याला सीट पाडून दाखवू नका. घेऊ दे त्याला गाडी. धाकट्याशी मी बोलतो.'

असं म्हणाले. उघड्या काचेतून. आणि तुम्ही हो म्हणालात त्यांना?

मग दाखवलीत कशाला, मॅडम?